एखादाच कण परत येतो

“मी कोण? सांग बघू,” महांतेशअप्पांनी विचारलं.

उमादेवींनी त्यांच्याकडं पाहिलं. मग नजर मागच्या भिंतीवर गेली. अप्पा मध्ये नव्हतेच जणू.

अप्पांनी तेच कानडीत विचारलं. कानडी उमादेवींच्या माहेरची. तेही आरपार गेलं.

जळकोटच्या शाळेत उमादेवींनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर विसरण्याचा आजार जडला. त्यानं एकेक माणूस पुसत नेला. आता नवराही पुसला होता.

अंगणात गाडी उभी होती. त्यांचा मुलगा सिद्धाराम आईला सोलापूरच्या वृद्धाश्रमात ठेवायला आला होता.

“अप्पा, तुमच्यानं आता होत न्हाय. परवा गॅस तसाच सोडून ती हायवेवर गेली. अन् अव्वाला हितं काय, तिथं काय, सारखंच. तुम्हाला वळखत असती, तर म्या हा विषयच काढला नसता.”

“वळखंल. जरा दम धर.”

“कवापासून तेच म्हणताय.”

सिद्धाराम आत बॅग भरायला गेला. अप्पांनी लग्नाचा फोटो दाखवून पाहिला. नातीचं नाव घेऊन पाहिलं. शेवटी कपाटातलं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक काढलं. अप्पांचा जन्म किराणा दुकानात गेलेला. अणूशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. जे पान उघडलं, त्यावर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचू लागले.

“रदरफोर्ड यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले...” चष्मा घसरला. मधली ओळ सुटली. “...ते कण उलट परत आले.”

“चूक.”

अप्पांचं बोट पानावरच थांबलं. आवाज वर्गातला होता. चुकीचं वाक्य उमादेवींनी वर्गात कधी तसंच जाऊ दिलं नव्हतं.

“सगळे परत येत नसतात. बहुतेक आरपार जातात. अणू आतून बराचसा रिकामाच असतो. अंधाऱ्या रानात खडे फेकून बघ. एक गेला, आवाज नाही. दुसरा गेला, आवाज नाही. असे लई जातात. मग एखादा टण्णकन उलटा येतो. तेव्हा काय समजायचं?”

“काय?” अप्पांच्या तोंडून निघालं.

“तिथं धोंडा आहे. दिसत नाही, पण आहे. अणूच्या आतही तसंच, इवलंसं पण भक्कम. त्याला केंद्रक म्हणायचं. रदरफोर्डनं ते डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. परत आलेल्या कणांवरून ताडलं.”

सिद्धाराम बॅग घेऊन दारात येऊन थबकला. “अव्वा!”

“वर्गात मध्येच कोण बोलतंय? बाहेर हो!”

तो गुपचूप बाहेर गेला. अप्पा खुर्ची ओढून जवळ सरकले.

“उमा, आता सांग. मी कोण?”

उमादेवींनी त्यांना नीट निरखलं. मग मायेनं हसल्या.

“तुला कधी पाहिलं नाही रे बाळा. कुठल्या वर्गातला तू?”

बाहेर डिकी आपटल्याचा आवाज आला.

महांतेशअप्पा उठले. हात जोडून ताठ उभे राहिले.

“आठवीतला, बाई,” ते म्हणाले. “आजच आलोय.”