सव्वा महिन्याआधी

वीस दिवसांच्या बाळाचा लंगोट सासू कुणालाच बदलू देत नसे, याचाच धनश्रीला संशय येऊ लागला होता. “गुनी शे मना नातू, कोनाना आंगवर धार सोडस नही,” मंगलाबाई पर्वत पाटिया भागातल्या आपल्या सोसायटीत कौतुकाने सांगत. दवाखान्याचे नाव काढताच मात्र “सव्वा महिना उंबरा वलांडानं नही,” बजावत. आज सासू देवळात गेल्यावर धनश्रीने बाळाला उघडे ठेवून निरखले. ते कण्हत होते आणि लघवी थेंबाथेंबानेच गळत होती. ती तडक दवाखान्यात गेली. शेजारणीकडून कळताच मंगलाबाईही पोहोचल्या. सोनोग्राफी पाहून डॉक्टर म्हणाले, “मूत्रमार्गात जन्मतःच पडदा आहे; मूत्रपिंडं सुजलीत. वेळेत आणलंत. घरात पूर्वी कुणाला असं होतं?” “नाही,” धनश्री म्हणाली. “मना पहिला पोऱ्याले व्हतं,” मंगलाबाई पुटपुटल्या, “तो वाचना नही. तेच परत ऐकानं भेव वाटे माले.”