उजवा पाय

पंखा चारवरच चालत होता. एक, दोन, तीनवर मेल्यासारखा गप्प, आणि चारवर टाकला की सोळा वर्षं जुन्या गाडीत पिठाची गिरणी सुरू. मागं बसणाऱ्या शेठला फोनवर बोलता येत नव्हतं. म्हणून ड्रायव्हर खंडेराव गाडी घेऊन सातपूरला ज्योत्स्नाच्या गॅरेजवर आला होता. ती गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची. डॅशबोर्डखाली आडवी होऊन तिनं पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा जळका रेझिस्टर उपटला, नवा बसवला. पंखा एकवर फिरायला लागला. हळू, बिनआवाजाचा.

"हे झालं," ती उठत म्हणाली. "आता क्रूझ."

खरं दुखणं ते होतं. हायवेला बटण दाबलं की गाडी आपला वेग आपण धरते, पायाला सुट्टी मिळते. दोन महिने झाले, ते लागायचं आणि लगेच सुटायचं. ब्रेक लागला की क्रूझ आपोआप सुटतं, म्हणून दोन मेकॅनिकांनी ब्रेकवरचा स्विच बदलून पाहिला होता. शुक्रवारी मुंबईला जायचं होतं. त्याआधी दुरुस्त झालं नाही तर ही गाडी विकून नवी घेणार, आणि ती स्वतःच चालवणार, असं शेठनं सकाळी सांगून टाकलं होतं. खंडेरावचं काय, हे तो बोलला नव्हता. गाडीला काय झालंय हे विचारायला मात्र त्यानं तीनदा फोन केला होता.

ज्योत्स्नानं गाडी त्र्यंबक रोडला काढली, खंडेरावला शेजारी बसवलं. साठवर बटण दाबलं. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला आणि लागलेला राहिला. चार किलोमीटर राहिला. येताना तिनं खंडेरावला चालवायला सांगितलं. दिवा लागला, गेला. परत लागला, परत गेला.

"माझ्यावर रुसलीय," खंडेराव हसून म्हणाला. "तुझ्या हाताला गुपचूप चालती बघ."

ज्योत्स्ना हसली नाही.

गॅरेजवर पोचल्यावर तो पाणी प्यायला उतरला. तिनं त्याला पुन्हा हाक मारली, गाडी चालू करून नुसतं बसायला सांगितलं. त्यानं चपला शटरपाशी काढल्या आणि अनवाणी आला. ज्या गाडीवर घर चालतं तिला चप्पल लावायची नाही, हा त्याचा नेम होता. इतक्या वर्षांत त्या ब्रेकला त्याच्या चपलेची धूळ लागली नव्हती. तो बसला. ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली.

"काका, ब्रेक सोडा."

"सोडलाय की."

मागचे दोन्ही दिवे लालभडक होते.

"सोडा म्हणते ना."

"अगं ताई, सोडलाय. पाय बाजूला हाय माझा."

ती दाराशी येऊन वाकली. पाय बाजूला नव्हता. ब्रेकवर टेकला होता, झोपल्यासारखा. आणि तळव्यातून लोखंडाची एक वळलेली चकाकती साल बाहेर आली होती. शेजारच्या लेथवर लोखंड तासलं जायचं, त्याचा चुरा रोज गॅरेजभर पसरायचा. शटरपासून गाडीपर्यंत चार पावलं, तेवढ्यात घुसली होती. ब्रेकच्या रबरावर रक्त उतरलं होतं.

"दुखत नाही?"

"काय?"

त्यानं खाली पाहिलं. मग खिशातून रुमाल काढला आणि आधी ब्रेक पुसला.

साखर किती वर्षं आहे, तिनं विचारलं. आठ, तो म्हणाला. पाय कधीपासून असा आहे, तिनं विचारलं. त्यानं रुमालाची घडी घातली, उलगडली.

"आधी लय मुंग्या यायच्या. मग यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, बरा झाला."

स्विचच खराब होता असं शेठला सांग, तो म्हणाला. तुझं ऐकंल तो. शुक्रवार पार पडू दे, मग दाखवतो पाय कुठंतरी. हे सगळं तो अगदी हळू, शेजारी कुणी ऐकू नये असं बोलला. तेवढ्यात शेठचा चौथा फोन आला. खंडेरावनं फोनकडं पाहिलं नाही, तिच्याकडं पाहिलं.

खोटं बोलणं सोपं होतं. दोन शब्दांत माणसाची नोकरी वाचली असती आणि शुक्रवारी कसारा घाटात ते दोन शब्द कुणाच्या तरी अंगावर गेले असते.

"पंखा झाला," ज्योत्स्ना फोन उचलून म्हणाली. "क्रूझला काही झालेलं नाही. काकांच्या पायात लोखंड घुसलंय आणि पायाला पत्ता नाही. ब्रेकवर पाय राहतो तेही त्यांना कळत नाही. मी दवाखान्यात नेतेय."

पलीकडून शेठनं विचारलं,

"मग गाडी कोण आणून देणार?"

तिनं फोन कापला.

पायाला स्वच्छ फडकं गुंडाळून तिनं खंडेरावला डावीकडं बसवलं आणि स्वतः गाडी काढली. चपला घाला म्हटलं तरी त्यानं त्या मांडीवरच धरून ठेवल्या होत्या. कंपन्यांची पाळी सुटली होती, रस्ता बस आणि मोटारसायकलींनी भरला होता. पंखा एकवर होता. गाडीत इतकं शांत होतं की रुमालाची सळसळ ऐकू यावी.

पुढं एक बस अचानक थांबली. ज्योत्स्नानं ब्रेक मारला. डावीकडं खंडेरावचा उजवा पायही जोरात खाली दाबला गेला. सिग्नलला पुन्हा. वळणावर पुन्हा. फडक्यातला लाल डाग दर वेळी थोडा मोठा होत होता, आणि तो समोर रस्त्याकडं बघत पाय दाबत होता.

तिथं ब्रेक नाही, हे पायाला कळत नव्हतं.