रविवारची मोजणी

पत्र मेहुणीने वाचलं, कारण त्याचे हात ग्रीसने माखले होते. समोरच्या बाकावर कुणाचा तरी टेबलफॅन उघडा पडला होता.

“‘सदर तळ्यावरील पक्ष्यांच्या संख्येत गेल्या दोन वर्षांत वाढ आढळल्याने संरक्षणाची आवश्यकता नाही.’” मेहुणी थांबली. “म्हणजे काय हो भावोजी? संरक्षणाच्या यादीतून काढलं?”

“काढलं.”

“आणि आता?”

“आता भराव टाकतील.”

बायको जाऊन त्रेचाळीस दिवस झाले होते. ती असती तर पत्र हिसकावून घेतलं असतं, दोनदा वाचलं असतं आणि मग फोनवर बसली असती. मेहुणीने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली.

तळं बायकोचं होतं. म्हणजे कागदावर सरकारचं, पण अठरा वर्षं दर रविवारी सकाळी सात वाजता तिथे जाऊन पक्षी मोजणारी ती. सुरुवातीला लोक हसायचे. मग शेजारच्या गावात कुणी मोजू लागलं, मग आणखी कुणी. आता राज्यभर दोनशे बारा तळ्यांवर माणसं मोजत होती. पद्धत तिचीच होती: एक माणूस, एक जागा, अर्धा तास, आणि दिसेल तेवढंच लिहायचं. ज्या तळ्यावर आकडा सारखा घसरतो, त्याच्या संरक्षणासाठी या मोजणाऱ्यांची समिती सरकारशी भांडायची. तिच्या तळ्यावर चारशेचे नव्वद झाले होते. फाइल सरकारकडे गेली आणि तिने अंथरूण धरलं.

“निकाल लागेपर्यंत एकही रविवार चुकता कामा नये,” ती म्हणाली. “तुम्ही जा. मी काही पळून जात नाही.”

त्याने पंखेदुरुस्तीचं दुकान बंद केलं आणि बाक घरातच, बाहेरच्या खोलीत आणून टाकला. रविवारी साडेसहाला गळ्यात दुर्बीण अडकवून तो निघायचा. आठला परत. ती उशीला टेकून बसलेली, मांडीवर वही तयार.

“किती?”

“सत्त्याण्णव.”

“अहो, खरंच?”

“बदकं वाढलीत.”

ती लिहायची आणि आकडा समितीला कळवायची. अक्षर वाकडं व्हायला लागलं होतं, पण वही ती कुणाच्या हातात देत नसे. एकशे अकरा ऐकलं त्या दिवशी तिने आपणहून दूध मागितलं.

नऊच्या सुमाराला मेहुणी यायची. “बघ ताई, चिखल तुडवून येतात आणि बुटांना डाग नाही! आमच्याकडचे नुसते जिना उतरले तरी पायपुसणं धुवावं लागतं.”

“ते आधीपासूनच टापटिपीचे,” बायको म्हणायची. तो बूट उचलून आत ठेवायचा.

पत्रानंतर तीन दिवसांनी समितीच्या सचिवबाई आल्या. चार तास बसमध्ये बसून आल्या होत्या. पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायल्या.

“सरकारी लोकांनी आकडे फिरवले असतील,” मेहुणी म्हणाली. “दुसरं काय!”

“नाही हो. आपणच पाठवलेले आहेत.” सचिवबाईंनी वही चाळली. “राज्यभर घट, आणि एकट्या या तळ्यावर वाढ. प्रत्येक बैठकीत आम्ही हे आकडे कौतुकाने वाचून दाखवायचो.” त्यांनी वही मिटली. “आत्ता येताना मी तळ्यावरून आले. अर्धा तास उभी राहिले. नऊ.”

“नव्वद?” मेहुणीने विचारलं.

“नऊ. एका कडेला डबर टाकलंय, तेही आजकालचं नाही. त्यावर गवत उगवलंय.”

तो बोटावरचा ग्रीस कापडाने पुसत राहिला. बोट कधीच स्वच्छ झालं होतं.

“दादा, हरकत घ्यायला बारा दिवस आहेत,” सचिवबाई म्हणाल्या. “मार्ग आहे. बाई आजारी होत्या. औषधांची गुंगी असायची. तुम्ही सांगितलं एक आणि त्यांनी लिहिलं भलतंच, असं झालं असेल. तेवढं लिहून द्या. बाकीचं मी बघते.”

“तिने चूक केली नाही.”

“त्यांना कमीपणा आणायचा नाहीये हो.”

“मी सांगितलं तेच तिने लिहिलं. प्रत्येक वेळी.”

“भावोजी, हट्ट कसला करताय?” मेहुणीचा आवाज चढला. “ती काय आता रागवायला येणारे? तिचं तळं चाललंय! तेवढं एक वाचू दे की.”

“तिच्या नावावर चूक लिहिणार नाही.”

मेहुणीने डोळ्यांना पदर लावला. सचिवबाईंनी पिशवीतून कोरा कागद काढून बाकावर ठेवला, पंख्याची पाती बाजूला सारली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

“बरं, चूक कुणाची ते नका लिहू. डोळ्यांनी पाहिलं ते लिहा. मोजायला उभे तुम्ही होतात, दादा. आठवतील तेवढे खरे आकडे द्या, त्यावरही लढता येईल.”

त्याने पेनचं टोपण काढलं. दोन वर्षांत एकाही रविवारी तो तळ्यावर गेला नव्हता. तिला एकटीला टाकून जायला पाय उचलत नव्हता. एक मजला उतरून तो पायरीवर बसायचा, तिथपर्यंत तिचा खोकला ऐकू यायचा, आणि आठ वाजले की वर येऊन तिला बरं वाटेल तो आकडा सांगायचा. हरकतीला बारा दिवस उरले होते आणि दोन वर्षांची मोजणी व्हायची राहिली होती.