चुलीला सुट्टी

शीतळासप्तमीला चूल पेटवायची नसते, आदल्या दिवशीचं शिळं खायचं. त्यामुळे सोनाक्का आणि तिची धाकटी जाऊ हिराबाई जेवून ओसरीवर निवांत पडल्या होत्या. एरवी त्या ओस वाळकीतल्या घराघरांत चुली पेटवत फिरायच्या, वरून बघणाऱ्या यंत्राला गाव भरलेलं वाटावं म्हणून.

"सारं गाव माझ्या फुंकणीवर नांदतंय," सोनाक्का हसली. "मेलेल्यांच्या घरीसुद्धा रोज चूल पेटते!"

तेवढ्यात देवळावरचा भोंगा बोलला, "धरण भरलं. वाळकीत एकही चूल गरम नाही. गाव रिकामं. जादा पाणी वाळकीकडे सोडत आहोत."

हल्ली वर्षाचा पाऊस एका दिवसात कोसळायचा. ते पाणी कुठल्या गावावर घालायचं, हे यंत्र ठरवायचं.

"आरं मुडद्या, आम्ही जित्या हाय की!" सोनाक्का ओरडली. पण यंत्राला माणसाची हाक कळत नव्हती, चूल कळायची.

ती चुलीकडे धावली. "अक्का, देवी कोपंल गं!" हिराबाई मागून म्हणाली.

सोनाक्कानं काडी ओढली. चूल धडधडून पेटली.

भोंगा खरखरला, "वाळकीत वस्ती आहे. पाणी पलीकडे भोकरवाडीकडे वळवत आहोत. तिथल्या चुली थंड आहेत."

भोकरवाडीत सोनाक्काची लेक नांदत होती. सोनाक्कानं झटक्यात तिला फोन लावला.

"सुंदरे, चूल पेटव! आत्ताच्या आत्ता!"

पलीकडे लेक खळखळून हसली. "आये, चेष्टा करतीस व्हय? आज शीतळासातव हाय. तूच शिकवलंस न्हवं?"

तिच्या हसण्यामागं काहीतरी गडगडत जवळ येत होतं.