दोघांची कयाक

ऑक्टोबरात द हेगजवळच्या समुद्रात कयाकमधून साल्मन धरायचा बेत सारंग लेकीसोबत आखत होता. धरलेला साल्मन इथे परत सोडावा लागतो हे ऐकून त्याची आई उत्तराबाई म्हणाल्या, "सोडायच्या माशासाठी एवढा खटाटोप?" नात सलोनी हसली. मग सारंगने भाड्याने मिळणारी, दोघांनी बसायची कयाक फोनवर दाखवली आणि उत्तराबाईंचं हसू मावळलं. "एका घरची दोन माणसं एका होडीत जात नाहीत. माहेरी, देवबागला आमची रीतच होती." "आई, लाइफजॅकेट असतं गं." "माझे वडील आणि भाऊ एकाच होडीत बुडाले. त्या दिवशी दुसरी दुरुस्तीला होती." सारंगने हे कधीच ऐकलं नव्हतं. त्याने एकेकट्याच्या दोन कयाक निवडल्या. "आजी, पण मला एकटीला वल्हवता येत नाही!" साठ वर्षं वल्ह्याला हात न लावलेल्या उत्तराबाई उठल्या. "चल कालव्यावर. मी शिकवते."