फाटकाबाहेरचं सलून

वसतिगृहाच्या फाटकाबाहेर मैत्रिणीचे केस कापता कापता तिची कात्री थबकली. समोर वडील उभे.

गावातल्या सलूनच्या कमाईवर अण्णांनी तिला विद्यापीठात धाडलं होतं, एका अटीवर: "कात्रीला हात लावायचा नाही. लावलास तर शिक्षण बंद." पण खानावळीचा खर्च ती दर रविवारी असे केस कापूनच भागवत होती.

अण्णांनी वाकून कापलेल्या केसांची कड निरखली.

"कुणी शिकवलं?"

"तुम्हालाच बघून."

तिला वाटलं, आता सामान बांधायचं.

तेवढ्यात रांगेतली एक पोरगी म्हणाली, "काका, तुम्हीपण कापता? मग माझे घ्या की!"

"छे गं! मला गड्यांचेच जमतात. एवढी सफाई माझ्या लेकीच्याच हातात. थांब जरा, तिला मोकळं होऊ दे."