चारचौघांत

स्ट्रेचर मामंजींच्या खाटेला लागलं आणि सून पुढे झाली.

"ऑपरेशनला चार दिवस झाले," डॉक्टर म्हणाले. "पोट फुगतच चाललंय. वारा सरला असता, तर आतडं हललं म्हणून थांबलो असतो. आता पुन्हा उघडावं लागणार. आणि या वयात दुसरं ऑपरेशन म्हणजे..." पुढचं त्यांनी गिळलं.

"मी सारखी विचारतेय हो," नर्स म्हणाली. "आजोबा, काही झालं का? तर म्हणे, विशेष नाही."

आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. उभा जन्म हेडमास्तरकीत गेलेला. त्यांच्या घरात संडासाला कुणी जात नसे, 'जरा जाऊन येत' असे.

सून मात्र घामाघूम झाली. सकाळीच ती खाटेशी चादरीची घडी घालत असताना पांघरुणातून आवाज आला होता. मामंजी ऐन वेळी खाकरले होते. आणि चांगल्या घरची सून म्हणून तिनेही काही ऐकलंच नव्हतं. घातलेली घडी मोडून तिने पुन्हा घातली होती, इतकंच. सगळं घोडं त्या एका आवाजापाशी अडलंय, हे तिला आत्ता कळत होतं.

"डॉक्टर, सकाळी ना... मामंजींना जरा..."

"जरा काय?"

"जरा मोकळं वाटलं."

"मोकळं? म्हणजे रडले का?"

"अगंबाई, नाही हो! ते आपलं... हे..."

"बाई, वेळ नाहीये. उचला रे."

दोघा वॉर्डबॉयनी चादरीची टोकं धरली. मामंजी अधांतरी झाले.

"पादले!" ती ओरडली. "मामंजी पादले! चांगले खणखणीत पादले! या कानांनी ऐकलंय मी!"

शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ प्लॅस्टरातल्या पायासकट उठून बसले. उचललेले मामंजी अलगद पुन्हा खाटेवर टेकले.

डॉक्टरांनी पोटावर नळी ठेवली. डोळे मिटले. नळी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. कुणी श्वास घेईना.

"अहो, गुडगुडतंय की!" त्यांचा आवाजच चढला. "चांगलं गुडगुडतंय! न्या ते स्ट्रेचर परत!"

नर्सने टाळीच वाजवली. प्लॅस्टरवाले गृहस्थ "वा मास्तर, वा!" म्हणाले. सुनेच्या डोळ्यांना धार लागली. जीव वाचला खरा, पण आता मामंजींसमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

डॉक्टरांनी पेन काढलं. "कागदावर लिहायचंय. किती वेळा?"

"एकदा," ती खाली मान घालून पुटपुटली.

तेवढ्यात भिंतीकडून, फळ्यावरची चूक दाखवावी तशा करड्या स्वरात, शब्द आला.

"दोनदा."